गाव सावली, गाडी उन्हात!

चारचाकी डायरी

मे महिना. दुपारचे बारा. पारा ४६च्या आसपास. आणि मी आमच्या अंगणात, डोक्याला ओढणी गुंडाळून, बाबांच्या लाल मारुती ८००ला वॅक्स फासतेय. चूक ओळखा पाहू!

ओळखलीत? मग तुम्ही माझ्यापेक्षा हुशार. मला ती कळायला अख्खी गाडी पांढरी व्हावी लागली.

आधी थोडा भूगोल. चंद्रपूरहून मूल आणि मूलवरून गडचिरोलीकडे निघालात, की वैनगंगेच्या अलीकडे आमचं सावली लागतं. तालुक्याचं गाव. पुण्यात ऑफिसमध्ये गावाचं नाव सांगितलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘वॉव, किती थंड वाटतं ना ऐकायला!’ हो का? मे महिन्यात या एकदा. देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांची यादी टीव्हीवर लागते ना, त्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ठरलेली. आम्ही त्यांच्याच शेजारचे. आमच्याकडे नावात सावली आहे, बाकी सगळं ऊन!

आता मुद्द्याचं. धाकटीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. मामाने बिदाईसाठी भाड्याची मोठी एसयूव्ही ठरवत आणली होती. धाकटी अडून बसली, ‘मी बाबांच्याच गाडीतून जाणार.’ बाबांची गाडी म्हणजे १९९९ची मारुती ८००. आरसी रिन्यू करून करून जपलेली. याच गाडीत आम्ही दोघी शाळेत गेलो, याच गाडीवर मी क्लच-ब्रेक शिकले, हिच्याच मागच्या सीटवर आजीला चंद्रपूरच्या हॉस्पिटलात नेलं होतं. मारुती ८०० आली १९८३मध्ये, कंपनीने ती बनवणं थांबवलं २०१४मध्ये. पण आमच्या अंगणात ती अजून रिटायर झालेली नाही.

प्रॉब्लेम एकच. गाडी लाल राहिली नव्हती. बडीशेपेच्या गोळीसारखी फिकट गुलाबी झाली होती. बॉनेटवरून हात फिरवला तर बोटांना खडूसारखी भुकटी लागायची. सगळे माझ्याकडे बघायला लागले. का? कारण मी गाड्यांवर कॉलम लिहिते ना! मीही मग स्टाइलमध्ये सांगून टाकलं, ‘डोन्ट वरी, दोन तासांत चकाचक करते.’

बॉस, त्या दोन तासांत काय झालं ते ऐका.

वॅक्सची डबी मी पुण्याहूनच नेली होती. सकाळी गाडी धुतली, नाश्ता केला, पाहुण्यांशी गप्पा मारल्या आणि बाराच्या ठोक्याला सुरुवात केली. फंडा सिंपल होता, जास्त वॅक्स म्हणजे जास्त चमक! पॅडवर मोठा गोळा घेतला आणि बॉनेट, टप, चारही दारं, डिकी, सगळं एका दमात माखून टाकलं. मग कापड घेऊन पुसायला गेले, तर वॅक्स निघेना. घासलं, तरी निघेना. कुठे पांढरे पोपडे, कुठे तेलकट पट्टे. आणि कापड बघितलं तर लालभडक! मला वाटलं, गाडीचा रंगच गेला.

आई पडवीत आली. ‘काय केलं बाई हे? गाडी आहे का चुन्याची भिंत?’ बाबा काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

संध्याकाळी बाबांनी त्यांच्या ओळखीच्या काकांना बोलावलं. या काकांचं अर्धं आयुष्य गाड्यांचं डेन्टिंग-पेंटिंग करण्यात गेलंय. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, डबी उचलून पाहिली आणि हसत म्हणाले, ‘गुरुजी, गाडीले काही झालं नाही. पोरीनं उन्हात केलं, बस.’ मग माझ्याकडे वळले. ‘एवढं कायले थोपलं बेटा? पोळीले तूप लावते ना, तसं लावाचं असते.’

त्या संध्याकाळी काकांनी जे शिकवलं आणि नंतर मी वाचून-तपासून जे पक्कं केलं, ते आज तुमच्यासाठी. कारण तुमची गाडी मारुती असो नाहीतर ईएमआयवर घेतलेली नवीकोरी एसयूव्ही, नियम तेच आहेत.

पहिली गोष्ट, ऊन. डबीतलं वॅक्स म्हणजे नुसतं मेण नव्हे. त्यात मेण पातळ ठेवणारं सॉल्व्हंट असतं. चांगल्या वॅक्समध्ये असतं ते कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. तिथलं ऊनही कडक, म्हणून पानातलं पाणी उडू नये यासाठी झाडाने केलेली ही सोय. हे मेण इतकं कडक, की वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं. ते पसरवता येतं सॉल्व्हंटमुळे. भर उन्हात गडद रंगाचा पत्रा ७० अंशांच्याही पुढे तापू शकतो. अशा पत्र्यावर सॉल्व्हंट लावताक्षणी उडून जातं आणि मागे उरतो तो कडक पापुद्रा. माझ्या गाडीचं नेमकं तेच झालं.

काकांची टेस्ट सोपी आहे. ‘हात उलटा करून पत्र्यावर ठेव. आरामात ठेवता आला तर लाव. नाही तर चहा पी.’ तापलेल्या पत्र्यावर गार पाणी ओतून शॉर्टकट मारायचा नाही. सावलीत उभी करायची आणि थांबायचं. तुमच्यासाठी बेसमेंट पार्किंग बेस्ट, नाहीतर सकाळी आठच्या आत.

दुसरी गोष्ट, आधी गाडी खरोखर स्वच्छ हवी. नुसती ओली करून पुसलेली नव्हे, शाम्पूने धुतलेली. आमच्याकडे धुळीचेही प्रकार आहेत. चंद्रपूरकडून कोळशाची आणि राखेची, आणि आमच्या पट्ट्यात राईस मिलमधल्या तुसाची. धानाच्या तुसात भरपूर सिलिका असते, म्हणजे वाळूत असते तीच. ही धूळ कोरडीच पुसली की कापड पॉलिश पेपर होतं.

इथे मला बाबांचं एक गुपित कळलं. सावली हे खादीचं गाव. १९३६मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन आमच्या गावात भरलं होतं, खुद्द गांधीजी आले होते. बाबांना त्याचा केवढा अभिमान! त्यामुळे गाडी पुसायलाही घरात खादीचाच जुना पंचा. वीस-पंचवीस वर्षं रोज सकाळी बाबांनी त्या पंचाने गाडी कोरडी पुसली. प्रेमाने, अगदी न चुकता. काकांनी बॉनेटवर टॉर्च धरला, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले. दोष खादीचा नाही हं, कोरड्या धुळीचा आहे. पण बाबांचा चेहरा उतरला. ‘म्हणजे मीच?’ काका म्हणाले, ‘गुरुजी, पुसलं नसतं तर आतापर्यंत गंजून गेली असती.’ काका ग्रेट आहेत.

तुमच्या सोसायटीतही सकाळी एकच बादली आणि एकच फडकं घेऊन पंधरा गाड्या पुसल्या जातात ना? पुसणाऱ्यावर डाफरू नका, त्याला दिलेल्या वेळात तो दुसरं काय करणार? आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर कापडं त्याच्याकडे देऊन ठेवा आणि सांगा, ‘आधी पाणी मार, मग पूस.’

धुऊन झाल्यावर प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर घाण अजून चिकटलेली आहे. ती काढायला क्ले बार मिळतो, मळलेल्या कणकेसारखा. पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवून तो हलक्या हाताने फिरवायचा. हे न करता वॅक्स लावलं, तर ते रंगाला धरत नाही, घाणीला धरतं.

आता त्या लाल कापडाचं रहस्य. हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. आमच्या जुन्या ८००वर तो नाहीच, रंग उघडा. उन्हाने आणि हवेने वरचा रंग मरतो, त्याची भुकटी होते आणि लाल गाडी गुलाबी दिसायला लागते. कापडावर आली ती ही मेलेली भुकटी. खालचा रंग जिवंत होता! काकांनी तो सौम्य पॉलिशने वर आणला, पण मोजून. कारण पॉलिश म्हणजे घासणं, आणि घासलेलं परत येत नाही.

हे नव्या गाडीलाही लागू आहे बरं का. फॅक्टरीतून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यातला क्लिअर कोट ४०-५०च्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. दर सहा महिन्यांनी ‘रबिंग-पॉलिशिंग’चं पॅकेज घेणारे लोक पैसे देऊन हाच थर कमी करून घेतात. वॅक्सचं उलट आहे. ते काही काढत नाही. ऊन, पक्ष्यांची शिट, झाडाचा चीक हे सगळं आधी ते झेलतं आणि स्वतः संपतं. म्हणून ते परत परत लावायचं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पातळ आणि सारखं. रंगाला धरून राहतो तो वॅक्सचा अगदी तलम थर. बाकीचं तुम्ही कापडाने पुसूनच टाकणार असता. म्हणजे माझ्या त्या मोठ्या गोळ्यातलं जवळजवळ सगळं कापडाच्या नशिबी होतं! आणि जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो. पुसायला गेलात की पट्टे पडतात. एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर आणखी वाईट. पातळ भाग वाळून तयार असतो, तेव्हा जाड भाग चिकटच असतो. कुठल्या वेळी पुसायचं तेच कळत नाही.

काकांची पद्धत अशी. फोमचं पॅड आधी किंचित ओलं करून पिळून घ्यायचं. ते डबीत अर्धी गिरकी फिरवायचं, बस. लिक्विड सीलंट असेल तर बॉनेटला मटाराच्या दाण्याएवढे चार-पाच ठिपके पुरतात. मग दोन बाय दोन फुटांचा एक चौकोन डोळ्यांनी आखायचा. त्यात आधी उभे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढलेला. नंतर त्यावरच आडवे पट्टे. जोर लावायचा नाही, पॅडचं वजन पुरे. गोल गोल का नाही? पॅडमध्ये चुकून खडा आला तर गोल ओरखडा कुठूनही चमकतो, सरळ त्यामानाने कमी दिसतो. शिवाय उभं-आडवं केलं की कुठे लावलं आणि कुठे राहिलं, याचा हिशोब डोक्यात राहतो.

बरोबर लागलं तर काय दिसतं? फारसं काहीच नाही. आरशावर श्वास सोडल्यावर येतो तसा हलका धुरकटपणा, सगळीकडे सारखा. पांढरे पट्टे दिसले तर जास्त झालं. मी काकांना विचारलं, ‘एवढंच?’ ते म्हणाले, ‘दिसून रायलं तर वाया चाललं.’

मग थांबायचं. वाळलं की नाही, ते बोटाने बघायचं. एक रेघ ओढा. रेघ स्वच्छ आणि चकचकीत उठली तर पुसा. फरकटली तर आणखी पाच मिनिटं. पुसायला स्वच्छ, जाड मायक्रोफायबर, त्याचं लेबल कापून टाकलेलं. कापडाची चौघडी करा म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. भरली की बदला. एक पॅनल संपवून मग पुढचं. माझ्यासारखी अख्खी गाडी एकदम नको. काही सीलंट मात्र वेगळी असतात, पूर्ण गाडीला लावून मग पुसायची. म्हणून डबीवरचं बारीक अक्षरातलं आधी वाचा.

आणि माझे ते पोपडे? ते निघाले, आणि तेही वॅक्सनेच! पत्रा गार झाल्यावर काकांनी त्या पोपड्यांवर नवं वॅक्स अगदी थोडं चोळलं. नव्या वॅक्समधल्या सॉल्व्हंटने जुनं मऊ झालं आणि लगेच पुसलं, तर सगळं कापडावर आलं. रात्री साडेदहापर्यंत टॉर्चच्या उजेडात आम्ही तिघं लागलो होतो. बाबांच्या हातातला पंचा मी काढून घेतला आणि मायक्रोफायबर दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. ‘हे सूत नाही,’ म्हणाले, आणि पुसायला लागले.

वॅक्स घ्यावं की सीलंट, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कार्नोबाची चमक उबदार, जुन्या आणि गडद रंगांवर खुलते, पण टिकते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. आमच्या उन्हात त्याहून कमी. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर, ते काही महिने टिकतं. ज्याला दर महिन्याला वेळ नाही त्याने सीलंट घ्यावं. सिरॅमिक कोटिंग घरी करण्याच्या फंदात मात्र पहिल्याच फटक्यात पडू नका. वॅक्स असमान लागलं तर संध्याकाळी काका येऊन निस्तरतात. सिरॅमिक असमान वाळलं तर ते घासूनच काढावं लागतं, आणि घासण्याबद्दल आपलं वर बोलणं झालंय.

लग्न झालं. लाल मारुती झेंडूच्या माळा लावून मांडवासमोर उभी राहिली. नव्यासारखी? नाही. लाल? एकदम! मामानेही मोबाइल काढून फोटो घेतला. धाकटी गाडीत बसताना रडली, बाबा दार लावताना रडले आणि मी गाडीवर कुणी हात टेकवतंय का ते बघत होते. व्यवसायाचा परिणाम, दुसरं काय!

पुण्याला परतल्यावर, मृगाचा पहिला पाऊस पडला त्या दिवशी बाबांचा फोन आला. आमच्या तलावातल्या कमळाच्या पानावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात. त्या पानालाही निसर्गाने मेणच लावलंय. वॅक्स सगळीकडे लागलंय का, हे बघायची हीच खरी परीक्षा. बाबा छत्री घेऊन अंगणात गेले होते आणि गाडीभोवती फिरून रिपोर्ट देत होते. ‘टपावर थेंब आहेत. दारांवर आहेत. डिकीवर आहेत. बॉनेटला डावीकडे, वायपरच्या खाली, तळहाताएवढी जागा आहे बघ, तिथे पाणी सपाट पसरलंय.’

मी म्हटलं, ‘तिथे माझा हात पोचला नसणार, बाबा.’

‘असू दे. तेवढ्यासाठी ये आता. डबी मी सावलीत ठेवली आहे.’

झटपट टिप्स

• काळ्या प्लास्टिकला आणि रबराला वॅक्स लागलं तर पांढरे डाग पडतात. आधी मास्किंग टेप लावा.

• मॅट रंगाच्या गाडीला साधं वॅक्स अजिबात नको.

• पॅनल नुकतंच रंगवलं असेल तर साधारण एक-दोन महिने थांबा. रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडू द्या. किती थांबायचं ते पेंटरला विचारा.

• दुसरा हात द्यायचा तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. पहिल्या वेळी सुटलेल्या जागा त्यात भरून निघतात. तिसऱ्या-चौथ्या हाताने फार फरक पडत नाही.

• सीलंट लावल्यावर डबीवर दिलेल्या वेळेपर्यंत गाडी भिजू देऊ नका.

• पक्ष्यांची शिट दिसली की लगेच ओल्या कापडाने भिजवा, मऊ होऊ द्या, मग उचला. कोरडी खरवडू नका.

• कापड किंवा पॅड जमिनीवर पडलं? ते आजच्यापुरतं बाद. धुऊन पुढच्या वेळी वापरा.